भेट आलेल्या फोनवर आपलं सिम चालेना? नेटवर्क लॉक उघडण्याची पद्धत, पायरीपायरीने

माझी मामेबहीण डिसेंबरात न्यू जर्सीहून घरच्या लग्नाला आली होती. परत जाताना तिने तिचा आयफोन १३ आईच्या हातात ठेवला. "आत्या, हा तू वापर, मी नवा घेतलाय." आईने फोन आधी देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं, मग जुन्या फोनमधलं सिम काढून आम्ही यात घातलं. स्क्रीनवर आलं: 'सिम नॉट सपोर्टेड'.

आम्ही चक्रावलो. कारण बहीण पंधरा दिवस याच फोनवरून नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या घरात बसून बोलत होती. मग आता काय झालं? तर ती बोलत होती ते तिच्या अमेरिकन सिमवरून, रोमिंगवर. लॉक असलेला फोन स्वतःच्या कंपनीचं सिम जगात कुठेही स्वीकारतो, दुसऱ्या कंपनीचं कुठेच नाही. म्हणून पहिली गोष्ट: पाहुणे इथे असतानाच त्यांचं सिम काढून आपलं घालून बघा. ही पाच मिनिटांची तपासणी आम्ही केली नाही आणि पुढे सव्वादोन महिने घालवले. त्यातलं खरं काम चार दिवसांचं होतं. बाकी सगळं चुकीच्या दारांवर टकटक.

१. कुलूप नेमकं कुठलं आहे ते ओळखा

'फोन लॉक आहे' या एका वाक्यात चार वेगवेगळी दुखणी लपलेली असतात, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

पहिलं नेटवर्क लॉक. परदेशातल्या मोबाइल कंपन्या फोन हप्त्यावर किंवा सवलतीत देतात आणि हप्ते फिटेपर्यंत तो आपल्याच सिमला बांधून ठेवतात. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं जा आणि खाली 'कॅरिअर लॉक' ही ओळ शोधा. तिथे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' लिहिलं असेल तर फोन मोकळा आहे, पुढचं काही वाचायची गरज नाही. 'सिम लॉक्ड' असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. अँड्रॉइडमध्ये आपलं सिम घातल्यावर 'सिम नेटवर्क अनलॉक पिन' मागितला, की समजा तेच दुखणं.

दुसरं खात्याचं लॉक. आयफोन आधीच्या मालकाचा ॲपल आयडी मागतो, अँड्रॉइड आधीचं गूगल खातं मागतो. याचा मोबाइल कंपनीशी काही संबंध नाही. देणाऱ्याने 'फाइंड माय' (हरवलेला फोन शोधायची ॲपलची सोय) बंद करून खातं काढायला हवं. तो परदेशात निघून गेला असला तरी आयक्लाउडच्या वेबसाइटवरून तो फोन आपल्या यादीतून काढू शकतो. अँड्रॉइडला मात्र एक पथ्य: रीसेट करण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन गूगल खातं काढा. बटणं दाबून परस्पर रीसेट मारलात तर फोन पुन्हा तेच जुनं खातं मागत बसेल.

तिसरं हप्त्याचं लॉक, आणि हे अस्सल देशी. फायनान्सवर घेतलेल्या काही फोनमध्ये फायनान्स कंपनी एक ॲप बसवते, हप्ता थकला की स्क्रीन बंद. असे फोन अर्धे हप्ते भरून सेकंडहँड बाजारात येतात. विकणारा म्हणतो, "एवढं ॲप फक्त काढून घ्या." ते निघत नाही, रीसेट करूनही नाही. फायनान्सची एनओसी, म्हणजे हप्ते फिटल्याचं पत्र, दाखवली तरच व्यवहार करा.

चौथं ऑफिसचं लॉक. परदेशातल्या नोकरीत मिळालेला फोन असेल तर तो ऑफिसच्या ताब्यात असतो. सेटिंग्जमध्ये वरच 'हा फोन अमुक संस्थेच्या देखरेखीखाली आहे' अशा अर्थाची ओळ दिसते. तो ऑफिसनेच सोडायला हवा.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे कंपनीला बांधलेले फोन कधी होते? होते की. २००३ साली ५०१ रुपये भरून घरोघर आलेला रिलायन्सचा फोन आठवा. त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम घालायची सोयच नव्हती. २००८ साली एअरटेल आणि व्होडाफोनने आणलेला आयफोन ३जीसुद्धा लॉक होता. आणि आजही जिओफोन, जिओभारत हे फक्त जिओवरच चालतात. ते उघडण्याच्या फंदात पडू नका, त्यांची रचनाच तशी आहे.

२. आयएमईआय काढा आणि तपासा

डायल पॅडवर *#०६# दाबा. पंधरा आकडी नंबर येईल, तो आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक. दोन सिमच्या फोनमध्ये दोन येतात, दोन्ही लिहून ठेवा. डब्यावरचा, सिम ट्रेवरचा आणि स्क्रीनवरचा नंबर जुळतो का बघा. जुळला नाही तर फोन जिथून आला तिथे परत.

सेकंडहँड घेत असाल तर पैसे देण्यापूर्वी एक एसएमएस करा: केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून आयएमईआय, आणि पाठवा १४४२२ वर. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर आणि ॲपवरही हीच सोय आहे. उत्तरात 'ब्लॅकलिस्टेड', 'डुप्लिकेट' किंवा 'ऑलरेडी इन यूज' आलं तर तो फोन घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. दुकानदारासमोर एसएमएस करायला संकोच वाटतो हे मान्य. पण चांगला दुकानदार रागावत नाही, आणि जो रागावतो त्याच्याकडून घ्यायचा नसतोच.

कुणी "आयएमईआय बदलून देतो, सगळं क्लिअर होईल" म्हणालं तर तिथून निघा. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात या छेडछाडीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

३. फोन कुठल्या देशातून आला?

यावर निम्मी लढाई ठरते.

कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून लॉक केलेले फोन विकायला बंदी आहे, आणि जुना लॉक फोन असेल तर कंपनीने तो फुकट उघडून द्यायचा असतो. (आपल्या नाशिकच्या कॅनडा कॉर्नर चौकाशी याचा संबंध नाही, तिथे विचारायला जाऊ नका.) ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून तशीच बंदी. जपानमध्येही ऑक्टोबर २०२१ पासून नव्या फोनना लॉक लावणं मुळात बंद झालं. या देशांतून अलीकडे घेतलेला फोन असेल तर तो बहुधा मोकळाच असेल. सिम चालत नसेल तर कारण दुसरीकडे शोधा.

आखाती देशांतून आलेल्या काही सॅमसंग फोनना वेगळीच खोड असते: पहिल्यांदा त्याच भागातल्या सिमवरून पाच मिनिटांहून जास्त बोलावं लागतं, मग तो जगभर चालतो. डब्यावर तसा स्टिकर असतो. दुबईचा भाऊ नवाकोरा सीलबंद फोन आणणार असेल तर त्याला सांगा, सील तिकडेच फोड आणि तिकडच्या सिमवरून बोलून ये. सीलबंद डब्याचा मोह इथे महागात पडतो.

खरी कटकट अमेरिकेच्या फोनची. तिथे लॉक कायदेशीर आहे. मात्र ग्राहकाला ते उघडून घ्यायचा हक्क २०१४ च्या कायद्याने दिला, आणि अट पूर्ण झाली की कंपन्या ते फुकट करतात. अटी कंपनीगणिक वेगळ्या. एटी अँड टीच्या मासिक बिलाच्या फोनला किमान ६० दिवस वापर आणि सगळे हप्ते फिटलेले हवेत. टी-मोबाइलला ४० दिवस आणि हप्ते फिटलेले. व्हेरायझनचे फोन बरीच वर्षं ६० दिवसांनी आपोआप उघडत असत, त्यामुळे त्यांचा जुना फोन असेल तर आधी नुसतं सिम घालून बघा. हल्ली घेतलेला असेल तर त्यांच्या साइटवरचा चालू नियम वाचा.

आणि प्रीपेड फोन असेल तर सबुरी ठेवा. सुपरमार्केटमधून स्वस्तात उचललेल्या त्या फोनांची मुदत लांब असते: एटी अँड टी प्रीपेडला सहा महिने, टी-मोबाइल प्रीपेडला ३६५ दिवस, आणि तेही तिकडे रिचार्ज भरून वापरलेले. तिकडे न वापरता थेट भेट म्हणून आणलेला प्रीपेड फोन इथे शोभेची वस्तू होतो. 'सेल'मध्ये फोन बघणाऱ्या तुमच्या अमेरिकेतल्या माणसाला हे आजच कळवा. घ्यायचाच तर 'अनलॉक्ड' लिहिलेला घे, म्हणावं.

४. देणाऱ्याकडून काय काय मागून घ्यायचं

हे ते इथे असतानाच लिहून घ्या. नंतर साडेदहा तासांच्या फरकात प्रत्येक प्रश्नाला एक दिवस जातो. आपले सकाळचे साडेआठ म्हणजे न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे दहा, आणि तेवढ्यात त्यांना मुलांचे डबेही भरायचे असतात.

- आयएमईआय (दोन असतील तर दोन्ही)
- फोन कुठल्या कंपनीकडून घेतला, मासिक बिलावर की प्रीपेड
- खातं कुणाच्या नावावर आहे
- हप्ते पूर्ण फिटलेत का
- खात्याशी जोडलेला ईमेल आणि खाते क्रमांक, अर्ज आपण भरणार असू तर
- फोन हरवल्याची किंवा विम्याची तक्रार कधी केली होती का
- बिल किंवा ऑर्डरचा ईमेल

यातल्या तिसऱ्या आणि चौथ्या मुद्द्यावर आम्ही अडकलो. फोन बहिणीचा, पण फॅमिली प्लॅनचं खातं दाजींच्या नावावर. शिवाय बहिणीला वाटत होतं हप्ते केव्हाच संपले, प्रत्यक्षात दोन बाकी होते, दर महिन्याच्या बिलात मिसळून जात होते. कंपनीचं उत्तर एका ओळीत आलं: अट पूर्ण नाही. दाजींनी दोन्ही हप्ते एकदम भरले, पण ते खात्यात पूर्ण जमा दिसेपर्यंत पुढचं बिल निघावं लागलं. यात कुणाचीच चूक नव्हती. भेट देताना कुणी हप्त्यांचा हिशेब काढत नाही एवढंच.

विम्याचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण तसा नाही. 'हरवला' म्हणून विम्यातून नवा घेतला आणि नंतर जुना सोफ्याखाली सापडला, तर तो जुना फोन कंपनीच्या दप्तरी हरवलेलाच राहतो. तो कंपनी उघडत नाही.

५. एम. जी. रोडला जाण्याआधी हे वाचा

मी वाचलं नव्हतं. हप्त्यांचं घोंगडं भिजत पडलेलं, आई रोज विचारणार "झाला का गं फोन?", म्हणून एका शनिवारी मी एम. जी. रोडच्या प्रधान पार्कात गेले. नाशिकमध्ये मोबाइलचं काहीही असो, पाय आधी तिकडेच वळतात, आणि स्क्रीन बदलणं, बॅटरी, चार्जिंगचा सॉकेट यासाठी मी आजही तिथेच जाते. कारागीर हुशार आहेत. पण हे काम कारागिरीचं नाही.

त्या भागातल्या एका दुकानात मला सांगितलं, "ताई, चिप टाकून देतो, दहा मिनिटांत चालू." चिप म्हणजे सिमच्या आकाराची कागदासारखी पातळ पट्टी. ती सिमला चिकटून ट्रेमध्ये बसते आणि सिम अमेरिकन कंपनीचंच आहे असं फोनला भासवते. बाराशे रुपये. खरंच दहा मिनिटांत नेटवर्क आलं. आईने दुकानातूनच मावशीला फोन लावला.

नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी रात्री फोनने स्वतःहून सॉफ्टवेअर अपडेट घेतलं आणि सकाळी पुन्हा तेच 'सिम नॉट सपोर्टेड'. दुकानदाराचं म्हणणं, अपडेट करायला नको होतं. म्हणजे आईने आयुष्यभर फोन अपडेट न करता वापरायचा, बँकेचं ॲप असलेला फोन! त्या नऊ दिवसांतही अधूनमधून 'आउट ऑफ कव्हरेज' लागत होता आणि बॅटरी दुपारीच माना टाकत होती.

मला मग कळलं ते असं. आयफोनच्या नेटवर्क लॉकची नोंद ॲपलच्या सर्व्हरवर असते आणि ती पुसायचा अधिकार फक्त लॉक लावणाऱ्या मोबाइल कंपनीला. खुद्द ॲपलसुद्धा हात वर करते, कॅरिअरकडे, म्हणजे मोबाइल कंपनीकडे जा म्हणते. मग कॉलेज रोडचं चकचकीत शोरूम असो की गल्लीतली टपरी, तिथे किल्ली असणारच नाही. 'फॅक्टरी अनलॉक करून देतो' म्हणणारे लोक तुमचा आयएमईआय पुढे कुठल्या तरी ऑनलाइन एजंटाला पाठवतात, आगाऊ पैसे घेतात, आणि काम झालं नाही तर एजंटाकडे बोट दाखवतात.

विकत घेताना उलट तपासा: सिम ट्रे बाहेर काढून सिमच्या खाली पातळ पट्टी आहे का बघा. विक्रेता 'अनलॉक आहे' म्हणतो आणि पट्टी निघते, असे फोन बाजारात फिरतात.

अँड्रॉइडवाल्यांसाठी आणखी एक. कुणी सांगितलेले कोड अंदाजाने मारत बसू नका. चुकीच्या कोडची संख्या मर्यादित असते. ती संपली की काही फोन कायमचे अडून बसतात आणि मग खरा कोड मिळूनही उपयोग होत नाही.

६. अर्ज

अर्ज ऑनलाइन, फुकट. पैसे मागणारी साइट म्हणजे चुकीची साइट. गूगलवर शोधलं की वरच्या दोन-तीन जाहिराती नेमक्या तसल्याच असतात, म्हणून कंपनीच्या मुख्य साइटवर जाऊन तिथून 'डिव्हाइस अनलॉक' पान गाठा.

एटी अँड टीच्या पानावर ग्राहक नसलेल्यालाही अर्ज करता येतो, म्हणजे तुम्ही नाशिकहून भरू शकता. आयएमईआय, नाव, ईमेल लागतं. मग ईमेलवर एक लिंक येते आणि ती २४ तासांत दाबावी लागते. न दाबल्यास अर्ज बाद, पुन्हा पहिल्यापासून. ही मेल स्पॅममध्ये जाऊन बसते, तेव्हा तिकडे लक्ष ठेवा. दुसऱ्याचा ईमेल देणार असाल तर त्याला आधी फोन करून सांगा. टी-मोबाइलच्या बाबतीत खातेदारानेच ॲपमधून किंवा कस्टमर केअरला बोलून करणं सोपं पडतं. त्यांच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनांत लॉक उघडायची सोय फोनच्या सेटिंग्जमध्येच असते.

उत्तर सहसा दोन कामाच्या दिवसांत येतं. शनिवार-रविवार धरू नका. नकार आला तर कारण लिहिलेलं असतं. ते दुरुस्त करा आणि पुन्हा अर्ज करा, पुन्हा अर्ज करायला बंदी नाही.

७. मंजुरी आली, आता फोनमध्ये काय करायचं

आयफोन वायफायला जोडा, आपलं सिम घाला, बंद करून चालू करा. बहुतेकदा एवढ्यावर भागतं. भागलं नाही तर बॅकअप घेऊन फोन पूर्ण पुसा आणि नव्याने सेट करा. मग 'कॅरिअर लॉक'ची ती ओळ पुन्हा वाचा. आमच्याकडे पहिल्या झटक्यात झालं नाही, पुसल्यावर झालं. चिपची पट्टी मात्र आधी काढून टाका, नाहीतर गोंधळ कायम.

कोडने उघडणाऱ्या अँड्रॉइडला ईमेलने कोड येतो. आपलं सिम घाला, पिनची चौकट आली की कोड सावकाश, बघून टाका.

मंजुरीची मेल पुसू नका. पुढे फोन विकताना तीच तुमची पावती.

८. लॉक उघडलं तरी सिम चालेना

अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ पासून पुढच्या मॉडेलना सिमचा ट्रेच नसतो. नुसतं ई-सिम, म्हणजे फोनमध्येच असलेलं, डाउनलोड करायचं सिम. भाऊ 'प्रो' मॉडेल आणतोय म्हणून घरचे खुश असतात आणि मग सिम घालायची जागा शोधत फोन उलटापालटा करतात. जिओ, एअरटेल, व्हीआय तिघेही ई-सिम देतात. त्यांच्या ॲपमधून किंवा त्यांच्या दुकानात जाऊन करून घ्या. बत्तीस आकडी ईआयडी (ई-सिमचा ओळख क्रमांक) लागू शकतो, तोही *#०६# ला दिसतो.

जिओवर फोन लागत नाही पण नेट चालतं, असं झालं तर कारण व्होल्टे, म्हणजे फोरजीवरून कॉल करायची सोय. जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच, कॉल सगळे फोरजी-फाइव्हजीवरून जातात. परदेशी अँड्रॉइड मॉडेलमध्ये इथल्या कंपनीचं व्होल्टे चालू होईलच असं नाही. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघा.

९. बँक, यूपीआय आणि तो एक दिवस

त्याच नंबरचं नवं सिम घेतलं किंवा ई-सिम करून घेतलं की सुरक्षेसाठी २४ तास त्या नंबरवरचे एसएमएस थांबवले जातात. म्हणजे ओटीपी नाही. गॅसचं बुकिंग, वीजबिल, तिकीट, जे काही ओटीपीवर अडतं ते आदल्या दिवशी उरका. साधं सिम एका फोनमधून दुसऱ्यात घातलं तर हा अडथळा येत नाही. पण यूपीआयचं ॲप नव्या फोनवर पुन्हा नोंदवावं लागतं आणि पहिले २४ तास साधारण ५,००० रुपयांपर्यंतच पैसे जातात. काही बँका आयफोनला ही मुदत आणखी लांबवतात. जुना फोन दोन-चार दिवस तसाच चार्ज करून ठेवा, व्हॉट्सॲपचा बॅकअप आणि फोटो त्यातून यायचे असतात.

आईचा फोन सुरू झाला त्याच संध्याकाळी तिने गंगापूर रोडला एक पैठणी पसंत केली. पाच हजारांच्या पुढे यूपीआय जाईना. पैसे मीच भरले, ते अजून यायचेत.